परवान्याचे पुस्तक कोणाच्या हाती?

‘लोकसहभाग’ हा शब्द वनखात्याच्या परिपत्रकांत, योजनांच्या माहितीपत्रकांत आणि रोपवनांच्या फलकांवर गेली तीन-साडेतीन दशके इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची गरजही कोणाला फारशी वाटत नाही. वणवा विझवायला गावाने धावून जाणे, रोपे लावायला मजुरीवर येणे, चोरटी तोड दिसली की वनरक्षकाला कळवणे हा सहभाग आहेच. परंतु जंगलातून काय आणि किती काढायचे, ते कोणाला व कोणत्या दराने विकायचे आणि आलेल्या पैशाचा हिशेब कोणाच्या वहीत लिहायचा, हे ठरवणारा माणूस या साऱ्या काळात बहुतेक ठिकाणी गावाबाहेरचाच राहिला. श्रमातला सहभाग आणि निर्णयातला सहभाग यांच्यातले हे अंतर समजून घ्यायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्याकडे पाहणे सोयीचे ठरते, कारण जवळजवळ सत्तर टक्के भूभाग जंगलाखाली असलेल्या या जिल्ह्यात दोन्ही प्रकारच्या सहभागाचे प्रयोग एकापाठोपाठ एक झाले आणि काही गावांनी ते दोन्ही अनुभवले.

भारतातील जंगलांवर सरकारी खात्याचा ताबा येण्याची प्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. १८६४ मध्ये वनखाते स्थापन झाले, १८७८ च्या कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी वर्गवारी केली आणि १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने, जो आजही लागू आहे, तीच चौकट पक्की केली. ‘राखीव’ जंगलात जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते सारे निषिद्ध, तर ‘संरक्षित’ जंगलात जे स्पष्टपणे निषिद्ध केलेले नाही ते चालते, असा या दोहोंतला ढोबळ फरक. तिसरा प्रकार, म्हणजे गावाच्या स्वाधीन करायचे ग्रामवन, पुस्तकात राहिला आणि जमिनीवर क्वचितच उतरला. या व्यवस्थेची झळ केवळ डोंगरातल्या आदिवासींना लागली असे नव्हे. गावाची गायराने आणि डोंगर खात्याने बळकावल्यामुळे शेतकऱ्याच्या शेळ्यामेंढ्यांना उभे राहायला जागा उरली नाही, ही तक्रार जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये नोंदवली आहे. १९३० मध्ये पुसद, बिळाशी, बागलाण, चिरनेर अशा एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणी जंगल सत्याग्रह पेटला, तेव्हा गवताची पेंढी कापणे ही राजकीय कृती ठरावी इतका हा प्रश्न घराघरात पोचलेला होता.

विदर्भाच्या पूर्व भागात मात्र एक वेगळा धागा शिल्लक राहिला. येथील बरेचसे जंगल जमीनदार आणि मालगुजार यांच्या ताब्यात होते आणि त्यात गावकऱ्यांना जळण, घरबांधणीचे लाकूड, बांबू, चराई यांचे जे परंपरागत हक्क होते त्यांना ‘निस्तार’ म्हणत. जुन्या मध्य प्रांतात १९५० च्या कायद्याने जमीनदारी संपली आणि ही जंगले सरकारजमा झाली, तेव्हा निस्तार हक्कांच्या नोंदी ‘निस्तार पत्रक’ नावाच्या दस्तात उतरल्या. बहुतेक गावांना त्या दस्ताचा पुढे विसर पडला. ज्यांनी तो तहसील कचेरीतून शोधून काढून वाचला, त्यांच्या हाती मात्र खात्याशी बोलायला एक कागद आला, आणि कचेरीत कागद असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर निराळा असतो.

स्वतंत्र भारतात लोकसहभागाचा पहिला गाजलेला प्रयोग पश्चिम बंगालच्या मिदनापूर जिल्ह्यात अराबाडी येथे १९७१-७२ मध्ये झाला. अजित कुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्याने अकरा गावांशी करार केला की सुमारे १,२७२ हेक्टरांचे उजाड सालवन गावकऱ्यांनी राखावे आणि त्याबदल्यात त्यांना रोजगार व लाकूडविक्रीच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळावा. हा प्रयोग लवकर यशस्वी झाला, त्याचे काही श्रेय सालाच्या झाडालाही दिले पाहिजे. साल तोडला तरी त्याचे खोड जिवंत राहते आणि चराई व कुऱ्हाड थांबताच त्याला फुटवे येऊन काही वर्षांत रान उभे राहते. अराबाडीच्या धड्यावरून आणि १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीला धरून केंद्र सरकारने १ जून १९९० रोजी परिपत्रक काढले, महाराष्ट्राने मार्च १९९२ मध्ये शासन निर्णय केला आणि ‘संयुक्त वनव्यवस्थापन’ ही संज्ञा प्रचारात आली. गावाची समिती आणि वनखाते यांनी मिळून जंगल सांभाळायचे, असा तिचा अर्थ. समितीचा सचिव वनखात्याचा कर्मचारी, बँकेचे खाते संयुक्त सहीचे आणि समिती बरखास्त करण्याचा अधिकार खात्याकडे, अशी तिची रचना. हजारो समित्या स्थापन झाल्या. काही गावांत त्यांनी खरोखर चांगले काम केले, पण कित्येक ठिकाणी निधी संपला की समिती झोपी गेली, कारण खात्याच्या सचिवाने बोलावल्याशिवाय जमण्याची सवयच तिला कधी लागली नव्हती. उत्तराखंडातील कुमाऊं भागात १९२१ च्या जंगल-असंतोषानंतर १९३१ च्या नियमांनी ज्या वनपंचायती उभ्या राहिल्या, त्यांची आठवण या संदर्भात उपयोगी आहे; तेथे जंगलाची राखण गावाने निवडलेल्या पंचांकडे होती आणि पुढील नियमदुरुस्त्यांनी खात्याचा वरचष्मा वाढत गेला, तसतशी त्या पंचायतींची धार बोथट होत गेली.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गडचिरोली शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवरचे, पाचशेच्या आसपास वस्तीचे गोंड गाव या कथेत वारंवार येते आणि ते यायलाच हवे. इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध १९८० च्या दशकात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झाले, त्यात या परिसराची राजकीय जडणघडण झाली. धरणे थांबली, पण आपले राज्य आपण कसे चालवायचे, हा आंदोलनातून निघालेला प्रश्न मेंढ्याने सोडला नाही. ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावातील देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने येथे ‘अभ्यास गट’ सुरू झाले. अभ्यास गट आणि ग्रामसभा यांतला भेद हा मेंढ्याचा खरा शोध म्हणावा लागेल: अभ्यास गटात कोणीही, अगदी बाहेरचा जाणकार किंवा अधिकारीही, येऊन चर्चा करू शकतो, पण तेथे निर्णय होत नाही, निर्णय ग्रामसभेत होतो आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. बहुमताची पद्धत जलद असते, हे खरे. परंतु जंगलाच्या बाबतीत तिचा दोष असा की ज्या चार घरांचे म्हणणे मतदानात पडले, त्यांच्या हाती कुऱ्हाड असतेच आणि रात्री रानात जाणारी पायवाटही त्यांना ठाऊक असते. सहमतीने झालेला नियम मोडायला मात्र कोणाजवळ सबब उरत नाही. घोटुल, म्हणजे गोंड तरुणाईचे पारंपरिक एकत्र जमण्याचे घर, पुन्हा बांधण्यासाठी गावाने जंगलातून सागवान आणले आणि वनखात्याने ते घर उतरवून लाकूड नेले, तेव्हा आसपासच्या गावांनीही आपापल्या गावात घोटुल उभारायचे ठरवले आणि खात्याला माघार घ्यावी लागली. संयुक्त वनव्यवस्थापन ही मूळची उजाड जंगलांची योजना असताना उभ्या, दाट जंगलासाठी ती लागू करून घेण्याचा आग्रहही मेंढ्याने धरला आणि तडीस नेला.

यानंतर आला तो २००६ चा अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) कायदा, ज्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. सर्वसाधारण समज असा की हा कायदा जंगलातली जमीन पट्ट्याने वाटणारा आहे. वैयक्तिक पट्ट्यांचे राजकारण मोठे असल्याने हा समज पसरलाही लवकर. कायद्याचा अधिक दूरगामी भाग आहे तो कलम ३(१)(झ) मधला, ज्यानुसार गाव परंपरेने जे जंगल वापरत आले त्याचे संरक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्या गावाच्या ग्रामसभेला मिळतो. यालाच बोलीत ‘सामूहिक वनहक्क’ म्हणतात. येथे ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. पंचायत ही निवडून आलेल्या सदस्यांची समिती आणि तिच्याखाली अनेक गावे-टोले असू शकतात. ग्रामसभा म्हणजे त्या एका गावातील सर्व प्रौढ माणसे. २०१२ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. ही अट वाचायला किरकोळ वाटते. पण मोहफूल, चारोळी, डिंक, रानभाज्या आणि जळण यांचा रोजचा संबंध ज्यांच्याशी येतो, त्यांच्या गैरहजेरीत जंगलाचे नियम होऊ नयेत, हा तिचा अर्थ आहे.

मेंढा (लेखा) आणि शेजारचे मर्दा या गावांना २००९ मध्ये देशातील पहिल्या काही सामूहिक वनहक्कांपैकी हक्क मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला आले सुमारे १,८०० हेक्टर जंगल. अधिकारपत्र हाती पडले आणि गाडे बांबूपाशी अडले. १९२७ चा वन अधिनियम तेव्हा बांबूला ‘झाड’ मानत होता, आणि झाड म्हटले की ते इमारती लाकूड, म्हणजे खात्याची मालमत्ता. वनस्पतिशास्त्र बांबूला गवताच्या कुळात घालते. आणि वनहक्क कायदा त्याला स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात, धरतो. गावाने कापलेला बांबू गावात वापरायला हरकत नव्हती. तो विकून गावाबाहेर न्यायचा तर अधिनियमाच्या कलम ४१ खालील नियमांप्रमाणे वाहतूक परवाना लागतो. हा परवाना म्हणजे माल कोठला, किती, कोणत्या वाहनातून कोठे चालला हे लिहिलेला एक कागद, पुस्तकातून फाडून दिलेला. नाक्यावर तो दाखवता आला नाही तर बांबू चोरीचा ठरतो आणि वाहन जप्त होते. हे पुस्तक वनखात्याच्या हाती होते. म्हणजे जंगल गावाचे, बांबू गावाचा, कापणारे हात गावाचे, आणि तरीही रस्ता ओलांडण्याची मुभा दुसऱ्याची. मालकी आणि सत्ता यांतला फरक समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

मार्च २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी बांबू हे गौण वनोपज असल्याचे राज्यांना लेखी कळवले आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्याला आले; मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. पुढच्या वर्षीच्या नियमदुरुस्तीने असे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे किंवा तिने नेमलेल्या व्यक्तीकडे असल्याचे देशभरासाठी नमूद झाले. वनाबाहेरच्या जमिनीवर वाढवलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून वगळायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले.

पुस्तक हाती आले की जबाबदारीही येते, आणि ती बांबूच्या रांजीत उभे राहिल्यावर कळते. रांजी म्हणजे एकाच मुळापासून उगवलेले बांबूचे बेट. या भागात मुख्यतः आढळणाऱ्या मानवेल जातीत नवे कोंब बेटाच्या बाहेरच्या कडेने येतात आणि जुने, पक्व बांबू आत गुंतलेले असतात. त्यामुळे नगावर मजुरी घेणाऱ्या घाईच्या माणसाला बाहेरचे कोवळे, सुटे बांबू कापणे सोपे जाते आणि बेटाचा नाश तेथूनच सुरू होतो. शास्त्रोक्त पद्धत अशी की रांजीला घोड्याच्या नालेच्या आकारात एका बाजूने वाट करून आत शिरायचे, पिकलेले बांबू जमिनीपासून वीतभर उंचीवर कापायचे, यंदाचे कोंब अजिबात तोडायचे नाहीत, त्यांना आधार म्हणून काही जुने बांबू उभे ठेवायचे आणि तीन-चार वर्षे त्या रांजीकडे फिरकायचे नाही. हे नियम वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलातील कामाच्या दहा-वीस वर्षांच्या आराखड्यात, पूर्वीपासून लिहिलेले होते. फक्त रांजीजवळ उभे राहून ते पाळले जातात की नाही हे पाहणारा, आणि पुढच्या फेरीला त्याच रांजीवर अवलंबून असणारा कोणी तेथे नव्हता.

नियम लिहिणाऱ्यापेक्षा रान पाहणाऱ्याला कधी अधिक कळते, याचा एक दाखला शेजारच्या कर्नाटकात मिळतो. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ यांनी उत्तर कन्नड जिल्ह्यात कागद उद्योगासाठी होणाऱ्या बांबूतोडीचा अभ्यास केला. तेथील काटेरी बांबूच्या बुंध्याभोवतीचे काट्यांचे जाळे साफ केले तर बांबू जोमाने वाढतो, अशी तोड करणाऱ्यांची ठाम समजूत होती. गावकरी सांगत होते की काटे काढले की नवे कोंब गुरे, माकडे आणि साळिंदरे खाऊन टाकतात. मोजणीअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले.

बांबूइतकेच पैशाचे पीक म्हणजे तेंदूपत्ता, विडी वळण्याचे पान. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेंदूच्या झुडपांची ‘खुटकटाई’ करतात, म्हणजे ती बुंध्याशी छाटतात, की मे महिन्यात मऊ, रुंद, नवी पाने फुटावीत. ती पहाटे तोडून, घरी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून, संध्याकाळी ‘फळी’वर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून द्यायचे आणि उन्हात वाळत टाकायचे. पूर्वी लिलाव वनखाते करी, मजुराला ठरलेली मजुरी आणि नंतर केव्हातरी बोनस मिळे. पेसा कायद्याखाली, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या १९९६ च्या कायद्याखाली, महाराष्ट्राने २०१४ मध्ये नियम केले आणि वनहक्कांची जोड मिळाल्यावर अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव पुकारू लागल्या. कोरची तालुक्यात तर त्यांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली, कारण व्यापाऱ्याशी सौदा करताना एकट्या गावाचा आवाज लहान पडतो. उत्पन्न वाढले, हे निर्विवाद. परंतु बाजार हाही एक सत्ताधीशच. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के आणि विडीवर २८ टक्के कर बसला. त्या हंगामात चढलेले भाव पुढच्या वर्षी कोसळले आणि ज्यांनी नोंदी नीट ठेवल्या नव्हत्या त्या ग्रामसभांना व्यापाऱ्याकडील थकबाकी सिद्ध करणेही जड गेले. हजेरीपट, पावत्या, पॅन कार्ड, लेखापरीक्षण या गोष्टी जंगलाच्या गोष्टीत रुक्ष वाटतात. प्रत्यक्षात सामूहिक हक्क टिकतो की एखाद्या हुशार माणसाच्या खिशात जातो, हे बरेचसे त्यांवरच ठरते.

अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडले होते की सामाईक कुरणात प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवत राहतो आणि अखेर कुरणच नष्ट होते, म्हणून ते एक तर सरकारचे असावे, नाही तर खासगी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातील गावांची कुरणे, कालवे आणि मच्छीमारीची पाणथळे अभ्यासून दाखवले की हार्डिन यांनी वर्णन केलेले कुरण सामाईक नव्हे, बेवारस असते. जेथे सीमा ठरलेली असते, नियम वापरणारेच करतात, राखण तेच करतात आणि दंड चुकीच्या मानाने वाढत जातो, तेथे सामाईक मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकते. या कामासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढ्याला वनहक्क मिळाला तेही याच वर्षी. सातपुडा-सह्याद्रीच्या बाजूलाही याची उदाहरणे आहेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावाने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने, वनहक्क कायदा येण्याच्या कितीतरी आधी, १९९० च्या दशकात कुऱ्हाडबंदी करून चारशेहून अधिक हेक्टर रान राखले आणि आज तेथे वनभाज्यांचा उत्सव भरतो. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर या गावाला २०१२ मध्ये मिळालेले १९३ हेक्टर जंगल जवळजवळ बोडके होते, तेथे गावाने चराई आवरली, झाडे वाढवली आणि आता त्या डोंगरावरची सीताफळे ‘नॅचरल्स मेळघाट’ या नावाने बाजारात जातात.

सगळे सुरळीत चालले आहे, असे मात्र नाही. हक्क मिळालेल्या कित्येक गावांत व्यवस्थापन आराखडाच झालेला नाही, काही ठिकाणी ग्रामसभेच्या नावाने कंत्राटदारच कारभार पाहतो, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत वाघांची संख्या वाढल्यापासून मोहफुले व तेंदूपाने वेचण्याचे दिवस हे माणसे मारली जाण्याचेही दिवस झाले आहेत, ज्याचे उत्तर कोणत्याही अधिकारपत्रात नाही. वणव्याचा प्रश्नही असाच हट्टी आहे. मोहाची फुले रात्रभर गळतात आणि पहाटे वेचायची असतात. पानगळीच्या थरात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करण्याची जुनी रीत आहे आणि त्यातली एखादी ठिणगी डोंगर पेटवते. झाडून जागा स्वच्छ करणे किंवा खाली जुनी लुगडी, जाळी अंथरणे हे उपाय सर्वांना माहीत आहेत. पण त्यांना लागणारा वेळ पहाटेच्या अंधारात एकट्या घराला परवडत नाही, तो गावाने मिळून काढावा लागतो.

तेंदूपत्त्याच्या बाबतीतही आगीचा हाच आरोप आहे, कारण चांगली पालवी फुटावी म्हणून छाटणीबरोबर रान पेटवले जाते. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या लहान गावाला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूविक्रीतून गावाला रोजगार मिळू लागला, जंगलाचा एक तुकडा कोणीही हात लावायचा नाही म्हणून राखून ठेवला गेला, आणि तेंदूपानांचा हमखास पैसा देणारा हंगाम ग्रामसभेने स्वतःहून बंद केला. छाटणी थांबल्यावर तेंदूची झुडपे झाडांएवढी वाढू लागली आणि उन्हाळ्यात त्यांना फळे धरू लागली. पिवळी, गोड, ज्यांना बाजारात फारसा भाव नाही आणि जी आता पाचगावची मुले आणि पाखरे खातात.